चार नंबरवर लोड जास्त

सासूबाई गेल्यानंतर रत्नागिरीच्या घरात आम्ही दोघंच उरलो, मी आणि माझे सासरे. नवरा मालवाहू जहाजावर असतो, वर्षातले बरेच महिने तो फोनच्या पडद्यावरच राहतो. सासऱ्यांशी माझं भांडण नव्हतं. भांडायला आधी बोलावं लागतं. सकाळी मी म्हणायची, "बाबा, चहा ठेवलाय." ते म्हणायचे, "हां." संध्याकाळी मी म्हणायची, "बाबा, आले हो." ते म्हणायचे, "हां." बाकीचा दिवस त्यांच्याकडे टीव्ही असायचा आणि माझ्याकडे चिखल.

चिखल म्हणजे समुद्राच्या तळाचा गाळ. तो किती ऑक्सिजन खातो हे मोजणं, हे माझ्या पीएचडीचं काम. लग्नाकार्यात कुणी विचारलं तर मी "समुद्रावर काम करते" एवढंच सांगते, कारण पुढचं सांगितलं की समोरचा माणूस वाढप्याला शोधायला लागतो. खरं तर गोष्ट सोपी आहे. पाण्यात जे जे मरतं ते शेवटी तळाला जाऊन बसतं. गाळातले जीवजंतू ते खातात, आणि खाताना वरच्या पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात. किती ओढतात हे कळलं तर तिथं माशांसाठी किती उरतो याचा अंदाज येतो. त्यासाठी गाळ न ढवळता नळीतून वर आणायचा, त्याच्यावरचं पाणीही तसंच ठेवायचं, नळीवर झाकण बसवायचं, आणि पाण्यातला ऑक्सिजन कसा कमी होत जातो ते बघत बसायचं. बघत बसणं हाच यातला मुख्य भाग आहे.

सासरे पोफळीला, धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या वीजघरात ऑपरेटर होते. ते वीजघर डोंगराच्या पोटात आहे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी अशा जागी काढली, जिथं दिवस आहे की रात्र हे फक्त पाळीवरून कळायचं. दर तासाला मीटर वाचायचे आणि आकडे लिहायचे. निवृत्त झाल्यावर रत्नागिरीत घर बांधलं ते सासूबाईंना समुद्र बघायचा होता म्हणून. सासूबाई रोज मांडवीला जाऊन तो बघायच्या. सासरे एकदाच गेले. परत आल्यावर म्हणाले, "एवढं पाणी, पण पडायला उंची नाही. काय उपयोग?"

त्या वर्षी पावसाळ्यानंतर आमच्या संस्थेतल्या थंड खोलीचा एसी बिघडला. नळ्या समुद्राच्या तळाइतक्याच तापमानाला ठेवाव्या लागतात, आणि ऑक्टोबरातली रत्नागिरी समुद्राच्या तळापेक्षा बरीच गरम असते. दुरुस्तीचा अर्ज वर गेला होता. वर म्हणजे कुठे हे कुणालाच माहीत नव्हतं. माझे गाईड, म्हणजे सर, म्हणाले, "पुढच्या वर्षी कर." मला पुढचं वर्ष नको होतं. मी घरी आले आणि टीव्हीसमोर उभी राहिले.

"बाबा, एक विचारायचं होतं."

त्यांनी आवाज कमी केला. ही साधी गोष्ट नव्हती.

"तुमच्या खोलीतला एसी चालतो का?"

"न चालायला काय झालं? वापरलाय कुठे?"

तो एसी नवऱ्याने हौसेने बसवला होता. सासऱ्यांचं म्हणणं, आयुष्यभर भुयारात बसलोय, आता घाम येऊ दे.

"मला थोडे दिवस ती खोली हवी होती. गाळ ठेवायला."

"कसला गाळ?"

"समुद्राच्या तळाचा."

"किती?"

"सहा नळ्या. हातभर उंचीच्या. पाचांत गाळ, एकीत नुसतं पाणी."

"वास?"

"उघडेपर्यंत नाही."

त्यांनी थोडा विचार केला. "गादी मी हॉलमध्ये घेतो," म्हणाले, आणि आवाज पुन्हा वाढवला. कशासाठी, हे त्यांनी विचारलंच नाही. मला जरा बरं वाटलं आणि जरा वाईटही.

गाळ आणायला मी राजिवड्याच्या एका चाचांची होडी घेते. भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी नांगर टाकायचा आणि लांब दांड्याला बसवलेली नळी सरळ खाली सोडून तळात दाबायची. चाचांना हे काम मनापासून आवडत नाही. होडी हलली की नळी वाकडी जाते, म्हणून मी त्यांना तेवढा वेळ गळ टाकू देत नाही, आणि ते बसून राहतात.

"बाय, चिखल तर आमच्या दारातही हाय," ते दर वेळी म्हणतात. "ओहोटीला ये, घमेलं भरून देतो. ह्यो काय सोन्याचा हाय?"

"तो पाण्याखालचा नाही ना चाचा."

"भरतीला तो पन पाण्याखालीच असतो."

याला उत्तर आहे, पण ते होडीत देण्यासारखं नाही. त्या दिवशी त्यांनी हुज्जत घातली नाही, कारण नळ्या घरी जाणार म्हटल्यावर ते विचारात पडले होते. जेट्टीवर उतरताना त्यांनी हळूच विचारलं, "सासरा बरा हाय ना? डोक्यानं?"

नळ्या मी उभ्याच्या उभ्या रिक्षातून आणल्या. रिक्षावाल्याला म्हटलं, "खड्ड्यांतून हळू घ्या, आत गाळ आहे." त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि खरोखरच हळू घेतलं.

खोलीत सासऱ्यांचा पलंग भिंतीला सरकवला. मध्ये निळा प्लॅस्टिकचा टब ठेवला, त्यात पाणी, पाण्यात नळ्या. खिडक्यांना काळं कापड लावलं, कारण उजेड असला तर गाळावरचं शेवाळ उलट ऑक्सिजन तयार करतं आणि हिशेब बिघडतो. प्रत्येक झाकणाखाली एक छोटा पंखा, पाणी हळूहळू फिरवण्यापुरता. झाकणातून आत जाणारा, ऑक्सिजन मोजणारा प्रोब, आणि प्रोबची वायर मीटरला. भिंतीवर सासूबाईंचा फोटो होता. "हा बाहेर लावू का?" मी विचारलं.

"राहू दे," सासरे दारातून म्हणाले. "तिला समुद्राची आवड होतीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला "हां" न म्हणता ते म्हणाले, "त्यातली एक रिकामी कशाला?"

मला क्षणभर कळलंच नाही की ते माझ्याशी बोलतायत.

"कुठली?"

"पाण्याची गो. सहा नंबर."

"पाणी स्वतःसुद्धा थोडा ऑक्सिजन खातं. तेवढा वजा करायचा, मग उरतो तो गाळाचा."

"म्हणजे स्टेशनचा स्वतःचा वापर," ते म्हणाले. "आमच्याकडेपण होतं. तयार झालेल्या विजेतली थोडी वीजघरालाच लागते." त्यांनी चहा संपवला. "बरोबर आहे."

त्या संध्याकाळी मी घरी आले तर खोलीच्या दाराला एक कागद चिकटवलेला. पट्टीने आखलेले रकाने, नळ्यांचे नंबर, आणि दर तासाचे आकडे, सुवाच्य अक्षरात.

"बाबा, मीटर स्वतःच नोंद ठेवतो. सगळं आत साठतं."

"ठेवू दे," सासरे म्हणाले.

आत जाताना ते विजेरीवर गणपतीच्या मखरातला लाल जिलेटिनचा कागद गुंडाळून जात. लाल उजेडाने शेवाळाला फरक पडतो का, हे त्यांनी मला आधी विचारलं होतं. इतक्या मंद उजेडाने थोडाच पडतो. मी चालेल म्हटलं.

चार नंबरच्या नळीतला आकडा बाकीच्यांपेक्षा भराभर उतरत होता. सासऱ्यांनी नळ्यांना एव्हाना युनिट म्हणायला सुरुवात केली होती. जेवताना म्हणाले, "युनिट चारवर लोड जास्त आहे."

"हो, मी पाहिलं."

"फॉल्ट आहे की खरंच खातोय कुणी?"

मी लाल विजेरी घेऊन बघितलं. नळीच्या भिंतीला लागून एक बीळ होतं. गाळ काळा आणि बिळाच्या कडेला विटकरी गंजासारखा रंग. आत एक समुद्री किडा होता, करंगळीएवढा, दोन्ही बाजूंना पायांच्या झालरी असलेला. तो अंगाला लाटा देत होता. त्यामुळे वरचं पाणी बिळात ओढलं जात होतं, आणि ऑक्सिजन एरवी जिथवर पोचला नसता तिथवर खोल जात होता. गंजाचा रंग त्याचाच. खाणारा हा एकटा नव्हता. याने वाट करून दिल्यामुळे आजूबाजूचा सगळा गाळ जास्त खात होता.

हे मी सासऱ्यांना सांगितलं. ते मांडी घालून टबाशेजारी बसले आणि बराच वेळ बघत राहिले.

"पंप आहे हा," शेवटी म्हणाले.

त्यानंतर घरात बोलणं सुरू झालं. ते फक्त चार नंबरबद्दल असायचं, पण होतं. आज तो उलटा बसलाय. आज त्याने तोंडाशी माती आणून टाकली. आज थांबून थांबून चालतोय. एकदा मी लॅबमध्ये होते आणि त्यांचा फोन आला. ते मला कधीच फोन करत नसत, मी घाबरून बाहेर गेले. "काही नाही," ते म्हणाले, "तो वर आला होता. डोकं बाहेर काढून परत गेला. तुला लिहायचं असेल म्हणून सांगितलं."

नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मागे हॉलमध्ये गादी दिसली.

"बाबा हॉलमध्ये का झोपतात?"

"त्यांच्या खोलीत गाळ आहे."

तो थोडा थांबला. जहाजावर नेटवर्क जातं, त्यामुळे तो विचार करतोय की गोठलाय हे कळत नाही.

"बरं आहे ना सगळं?"

"चार नंबर जरा जास्त खातोय."

"बाबांशी बोलू दे," तो म्हणाला. सासरे त्याच्याशी बोलले, आणि त्या कॉलमध्ये ते आदल्या वर्षभरात मिळून बोलले नव्हते एवढं बोलले. नवऱ्याने नंतर मला मेसेज केला, "कसला किडा?"

शेजारच्या काकूंनाही कुणकुण लागली. त्या वाटी परत द्यायच्या निमित्ताने आल्या, दारावरचा कागद वाचला, आत डोकावल्या आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "अगो, हा चिखल चेहऱ्याला लावतात तो का?"

"नाही काकू. मोजायचा आहे."

"मोजून झाला की?"

"टाकून देणार."

"मग टाकण्याआधी थोडा दे," काकू म्हणाल्या. मी त्याला सडक्या अंड्याचा वास येतो असं सांगितलं. औषधी गोष्टींना येतोच, असं म्हणून त्या गेल्या.

मग एका दुपारी मी संस्थेतून घरी आले तर चार नंबरचं झाकण टबाच्या कडेवर ठेवलेलं होतं. आकडे सरळ रेषेत उतरत आलेले, आणि मध्येच एकदम वर. मोजणीची सगळी फेरी वाया. सासरे नळीशेजारी बसले होते. चेहऱ्यावर अपराधाचं नावही नव्हतं.

"झाकण कुणी काढलं?"

"मी काढलं. ऑक्सिजन फार खाली गेला होता."

"तो खालीच जायला हवा, बाबा! तेच तर मोजतोय!"

"तो हलायचा थांबला होता."

"तो तळात राहणारा किडा आहे. कमी ऑक्सिजनची सवय असते त्यांना."

"तळात झाकण नसतं," सासरे म्हणाले.

मला इतका राग आला की आवाज चढला. माझ्या कामात हात घालू नका, मी म्हणाले. हे वीजघर नाही, हेही म्हणाले. सासरे उठले. उठायला त्यांना हल्ली वेळ लागतो, आणि तेवढा सगळा वेळ मी तिथे उभी होते. "हां," ते म्हणाले आणि हॉलमध्ये गेले. टीव्ही लागला.

दारावरचा कागद त्यांनी काढला नाही, पण त्याच्यावर नवे आकडे येईनासे झाले. सकाळी "चहा ठेवलाय" ला "हां" आणि संध्याकाळी "आले हो" ला "हां". मी पंप लावून पाण्यात हवा सोडली, झाकण पुन्हा बसवलं, फेरी पुन्हा सुरू केली. जेवताना मला सांगायचं होतं की चार नंबर आता बिळाला दुसरं तोंड पाडतोय. सांगितलं नाही. आमच्या घरात एवढी शांतता आधीही होती, पण तेव्हा ती ऐकू येत नव्हती.

पुढच्या आठवड्यात मला दिवसभर एका कार्यशाळेला बसणं भाग होतं. त्याच दिवशी नळ्यांवर लक्ष ठेवायला हवं होतं, कारण चार नंबर दुपारनंतर कुठवर उतरेल याचा भरवसा नव्हता. मी टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी आवाज कमी केला नाही.

"बाबा, उद्या तुम्ही लक्ष ठेवाल का?"

"ते वीजघर नाही," टीव्हीकडे बघत ते म्हणाले.

"नाहीच आहे. पण बघणारं दुसरं कोण आहे?"

एक जाहिरात झाली. दुसरी झाली.

"लिमिट किती?" त्यांनी विचारलं.

"कसली?"

"किती खाली गेल्यावर झाकण काढायचं? तू मला लिमिट दिलीसच नाही. लिमिट दिली नाही तर माणूस आपल्या मनाने लावतो."

मी सांगितलं, सुरुवातीच्या निम्म्यावर आला की फेरी संपली असं समजायचं, त्याच्या खाली माझ्याही उपयोगाचा नाही. निम्म्याच्या आधी मात्र काही झालं तरी झाकणाला हात लावायचा नाही. किडा थांबला तरी.

"किडा थांबला तरी," ते म्हणाले. "आणि निम्म्यावर आला की मी काढणार. तुला न विचारता."

"चालेल."

"मग लिहून सही कर."

मी दारावरच्या कागदावर लिहिलं आणि सही केली. त्यांनी खाली आपली केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेष जशी हवी तशी सरळ मिळाली, आणि शेवटी झाकण बरोबर निम्म्यावर निघालेलं होतं. "एकदा थांबला होता," सासरे म्हणाले. "मी खोलीतून बाहेर गेलो. बघवत नव्हतं."

ऑक्टोबरच्या अखेरीस दुपारी ढग भरून येतात आणि वीज जाते. त्या दिवशी मी संस्थेतच होते. आधी कडकडाट झाला, मग फोन वाजला. "वीज गेली. फॉल्ट मोठा आहे, मी ऑफिसला विचारलं. इन्व्हर्टरवर मीटर आणि पंखे चालतील, एसी नाही. तू पावसात येऊ नको. मी बर्फाला चाललो." फोन बंद.

मी पावसातच आले. घरी कुणी नव्हतं. थोड्या वेळाने रिक्षा आली. मागच्या सीटवर पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी, आणि सासरे पुढे रिक्षावाल्याच्या शेजारी अर्ध्या जागेत, छत्री लादीवर धरून. ते मिरकरवाड्याला गेले होते, बंदराजवळच्या बर्फवाल्याकडे.

"तो विचारत होता, मासळी कुठली," लादी उतरवताना ते म्हणाले. "म्हटलं मासळी नाही, चिखल आहे. म्हणाला, चिखल खराब होतो? म्हटलं हो."

"आजोबा वाटभर लिमिट लिमिट करत होते," रिक्षावाला मला म्हणाला. त्याची सीट भिजली होती. मी त्याला चहा दिला, आणि तोही खोलीत येऊन चार नंबर बघून गेला.

बर्फाचं काम सासऱ्यांना जमलं असं म्हणता येणार नाही. फोडून पिशव्यांत भरून टबात सोडला तसं तापमान फार खाली गेलं. मग त्यांनी गॅसवर पाणी तापवून ओतलं, तर फार वर गेलं. मग परत बर्फ. मी त्यांना थांबवू बघत होते आणि ते मला. वीज आली तेव्हा आम्ही दोघं भिजलेलो होतो, आणि मीटरमधली त्या दिवसाची रेष खाडीतल्या होडीसारखी वरखाली झालेली होती.

"हे वापरता येणार नाही, बाबा," मी म्हटलं.

"नळ्या ठीक आहेत?"

"नळ्या ठीक आहेत."

"मग झालं तर." उरलेला बर्फ काकूंनी नेला. त्यांच्याकडे त्या दिवशी खरोखरच मासळी होती.

सगळ्या फेऱ्या संपल्या तेव्हा एक गोष्ट उरली होती, जी मला सुरुवातीपासून माहीत होती आणि सासऱ्यांना नव्हती. शेवटी नळी उघडायची असते. गाळ खालून ढकलून वर काढायचा, चकत्या करायच्या, चाळणीत धुवायचा, आणि त्यातले जीव फॉर्मॅलिनमध्ये घालून बाटलीत ठेवायचे. किती होते, कोण होते, वजन किती. त्याशिवाय कुणी किती खाल्लं याला अर्थ राहत नाही.

हे मी त्यांना आदल्या दिवशी जेवताना सांगितलं. ते जेवायचे थांबले नाहीत.

"चारपण?"

"सगळ्याच."

"फॉर्मॅलिनमध्ये किडा जगतो?"

"नाही, बाबा."

त्यांनी ताक संपवलं आणि उठले.

सकाळी मी मागच्या अंगणात चाळण्या मांडल्या. वास सुटला. काकूंनी खिडकी उघडली आणि लावून घेतली. त्यानंतर त्यांनी चेहऱ्याचा विषय काढला नाही. चार नंबर शेवटी घेतला. सासरे बाहेर आले ते हातात एक स्टीलचं पातेलं घेऊन. त्यात टबातलं खारं पाणी होतं, आणि माझाच हवा सोडायचा छोटा पंप बुडबुडे काढत होता.

"हे कशाला?"

"तू तुझं मोजमाप कर," ते म्हणाले. "वजन कर, फोटो काढ, काय ते कर. जिवंत किड्याचं वजन होत नाही का?"

"होतं. पण नमुना ठेवावा लागतो. कुणी उद्या विचारलं तर दाखवायला हवा."

"कोण विचारणार?"

"परीक्षक."

"त्याला सांग, माझ्या सासऱ्याने नेला."

मी हसले नाही, कारण ते हसत नव्हते. पातेलं दोन्ही हातांनी धरून ते उभे होते, आणि पंपाची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत गेलेली होती. चाळणीत पाणी ओतलं, किडा गाळातून मोकळा झाला, अख्खा, कुठे तुटलेला नाही. माझ्या एका हाताला फॉर्मॅलिनची बाटली होती. मी त्याला ओल्या कागदावर टिपलं, काट्यावर ठेवलं, आकडा घेतला, सगळ्या बाजूंनी फोटो काढले. मग पातेल्यात सोडला. तो तळाला जाऊन गोल फिरायला लागला.

बाकीच्या नळ्यांतले बारीक किडे मी नेहमीप्रमाणे फॉर्मॅलिनमध्ये घातले. त्यांच्याबद्दल सासऱ्यांनी चकार शब्द काढला नाही. त्यांची ओळख नव्हती.

ओहोटीला आम्ही रिक्षाने भाट्याला गेलो. किनाऱ्यावरून सोडला असता तर मला चाललं असतं, पण सासऱ्यांना जागा मऊ हवी होती. त्यांनी चपला काढल्या, पँट दुमडली आणि खाडीकडच्या चिखलात पाऊल टाकलं. थोडं पुढे जाऊन ते गुडघ्यापर्यंत रुतले. मी त्यांना धरायला गेले आणि मीही रुतले. पातेलं त्यांनी डोक्याच्या वर धरलं होतं. पुलावरून एकाने मोटरसायकल थांबवून ओरडून विचारलं, "काय हरवलं?"

"काही नाही," सासरे ओरडले. "सोडतोय!"

त्यांनी पातेलं तिरकं केलं. किडा चिखलावर पडला, क्षणभर उताणा, मग वळला आणि सरळ खाली घुसला. मागे एक लहानसं भोक राहिलं, त्यातही पाणी भरलं. सासरे वाकून बघत होते. मला वाटलं काहीतरी बोलतील. "माझा पाय निघत नाही," ते म्हणाले.

कालवं काढणाऱ्या दोन बायकांनी आम्हाला ओढून बाहेर काढलं. त्यातल्या एकीने पातेल्यात बघितलं आणि विचारलं, "काय होता?" सासरे म्हणाले, "पंप."

सरांनी आकडे बघितले तेव्हा त्यांनाही चार नंबर डोळ्यांत भरला. आधी मी तो वगळायचं ठरवलं होतं, बाकीच्यांशी जुळत नव्हता म्हणून. सर म्हणाले, वगळायचा कशाला, किडा असलेला गाळ किती जास्त खातो हे आपल्या खाडीत कुणी नीट दाखवलंय? त्याच्यावर वेगळं प्रकरण लिही, अशा आणखी नळ्या आण. मग त्यांनी नमुन्याची बाटली मागितली.

"नाही, सर. फोटो आणि वजन आहे."

"नमुना कुठे गेला?"

"सोडून दिला."

"कुणी?"

"सासऱ्यांनी."

सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांची माझी ओळख जुनी आहे. "पुढच्या वेळी नमुना ठेव," एवढंच म्हणाले.

पुढच्या वेळी सासरे होडीत आले. मी नको म्हणत होते. त्यांना नळी तळात जाताना बघायची होती. राजिवड्याच्या जेट्टीवर चाचांनी त्यांना हात देऊन आत घेतलं, वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि ते डोक्याने ठीक आहेत याची खात्री पटल्यासारखी मान हलवली. खाडीच्या तोंडाशी नांगर टाकल्यावर होडी डुलायला लागली आणि सासऱ्यांचा चेहरा हिरवा पडला. नळी तळात जायच्या आधीच ते कडेला ओणवे झाले होते. चाचांनी त्यांना चोखायला लिंबू दिलं आणि पाठीवर हात फिरवला.

"पाण्याची सवय नाही वाटतं?" चाचा म्हणाले.

"आहे," सासरे लिंबू तोंडात धरून म्हणाले. "पण आमचं पाणी एकाच दिशेने जायचं."